मागच्या गल्लीतला इसम

घरात माणसं दोन आणि मध्ये एक बंद दार, अशा अवस्थेत भाऊंनी चालायला सुरुवात केली.

दाराच्या आत बायको होती. भाचीचं बाळंतपण उरकून ती परगावाहून परतली आणि नेमके तेव्हाच साथीचे नियम लागू झाले. बाहेरगावाहून आलेल्या माणसानं घरातल्या एका खोलीत वेगळं राहायचं, बाकीच्यांनी त्या खोलीचा उंबरठा ओलांडायचा नाही. वहिनी (सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणते, आपणही तेच म्हणू) चांगल्या ठणठणीत होत्या. पण नियम म्हणजे नियम. बॅग घेऊन त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेताना एवढंच म्हणाल्या, "गॅसचा मागचा खटका बंद करत जा." इतक्या वर्षांच्या संसारात एवढा कोरडा निरोप आपल्याला कुणी दिला नव्हता, असं भाऊ अजूनही सांगतात.

पहिले काही दिवस भाऊंनी मर्दासारखे काढले. म्हणजे उपाशी काढले. भाताला पाणी किती, हे दाराशी उभं राहून विचारायचं, आतून उत्तर यायचं, "अंदाजानं." आता भाऊ पडले बँकेतले, तेही सह्या जुळवण्याच्या विभागातले. समोर दोन सह्या ठेवल्या की एका नजरेत सांगायचे, माणूस तोच की कुणी दुसरा. "एकदा पाहिलेला माणूस मी सात पडद्यांआडूनही ओळखतो," हे त्यांचं पालुपद. अशा माणसाला अंदाजाची सवय कुठून असणार? त्यांचा भात एके दिवशी खळ व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी छर्रे. ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून ते मागे सरकायचे. दार किलकिलं व्हायचं, बांगड्यांचा एक हात बाहेर यायचा, ताट आत ओढून घ्यायचा. बायको म्हणून भाऊंच्या वाट्याला दिवसातून एवढाच हात येत होता. फोनवर तोंड दिसतं म्हणावं, तर वहिनी फोन असा धरायच्या की निम्मा वेळ कपाळ आणि निम्मा वेळ छताचा पंखा.

मुलगी लांब, दुसऱ्या शहरात. तिनं एक दिवस बापाचा आवाज ऐकला आणि निदान केलं.

"बाबा, तुम्ही स्वतःकडे अजिबात लक्ष देत नाही."

"मला काय धाड भरलीय?"

"तेच ते! तुम्हाला सेल्फ-केअरची गरज आहे."

दोन दिवसांनी खोकं आलं. त्यात पाय बुडवून बसायचं गुलाबी मीठ, तोंडाला फासायची हिरवट माती आणि एक सुवासिक मेणबत्ती होती. सोबत मुलीच्या फोनवरून आज्ञा. सकाळी चालणं, संध्याकाळी पाय कोमट पाण्यात, अधूनमधून तोंडाला लेप, आणि दिवसभर श्वासाकडे लक्ष. भाऊंनी श्वासाकडे लक्ष दिलं. तोपर्यंत तो बिचारा आपला सुरळीत येत-जात होता. साहेब पाठीमागे येऊन उभा राहिला की कारकुनाची जी गत होते, ती भाऊंच्या श्वासाची झाली. मध्येच थांबला, मध्येच दोनदा आला. ते प्रकरण तिथेच मिटलं.

चालण्याचं मात्र भाऊंनी मनावर घेतलं. पण त्याआधी साथीच्या चौकशी क्रमांकावर फोन लावला, कारण परवानगीशिवाय भाऊ शिंकतही नाहीत.

"घरात एक माणूस वेगळं ठेवलेलं आहे. मी सकाळी फिरायला जाऊ शकतो का?"

"फिरायला बंदी आहे."

"आणि चालायला?"

"चालायला परवानगी आहे. घराजवळ, एकट्यानं, मास्क लावून, आठच्या आत."

"दोन्हींत फरक काय?"

"फिरणं मनोरंजनासाठी असतं, चालणं आरोग्यासाठी."

"आणि चालता चालता बरं वाटायला लागलं तर?"

पलीकडे बराच वेळ संगीत वाजलं. मग आवाज आला, "वरिष्ठांना विचारून कळवतो." ते अजून कळवायचे आहेत.

पुढचा प्रश्न कपड्यांचा. इस्त्रीचा शर्ट आणि पँट याखेरीज भाऊंना इमारतीत कुणी पाहिलेलं नाही. कचरा टाकायलाही ते खोचलेल्या शर्टात जातात. शोधाशोध करता जावई विसरून गेलेलं एक पिवळंजर्द टोपडंवालं जाकीट सापडलं. जावई शिडशिडीत. जाकिटाची चेन भाऊंच्या पोटापर्यंत आली आणि तिनं हात टेकले. कानाला गार लागू नये म्हणून लोकरी टोपी घातली. नेहमीच्या चष्म्यावर मास्कची वाफ धरायची, म्हणून उन्हाचा सैल काळा चष्मा लावला, ज्यातून दहा पावलांपलीकडचं जग म्हणजे नुसता अंदाज. आरशात पाहिल्यावर भाऊंनी ठरवलं की या वेशात आपल्याला कुणी बघता कामा नये. म्हणून ते मागच्या जिन्यानं उतरले, चपला हातात घेऊन.

बंद सलून, बंद लाँड्री, टपालाची पेटी, मग वळण घेऊन इमारतीच्या मागची गल्ली, असा त्यांचा फेरा होता. गल्लीत कचऱ्याचे डबे, एक मोडकी सायकल आणि भिंतीवर पसरलेला वेल, याखेरीज बघण्यासारखं काही नाही. भाऊ मान खाली घालून चालले होते. मध्येच कशासाठी कोण जाणे त्यांनी वर पाहिलं, आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत वहिनी बसल्या होत्या.

कपाळ नाही, पंखा नाही, हात नाही. अख्ख्या वहिनी. हनुवटी तळव्यावर टेकून बाहेर बघत होत्या. जाकिटातला माणूस कोण हे कळायला त्यांना एक क्षण लागला, आणि मग त्यांनी तोंडावर पदर घेतला. भाऊंना हात हलवावासा वाटला, पण या वयात रस्त्यात उभं राहून बायकोला हात काय हलवायचा? त्यांनी हात उचलला आणि टोपी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन फेरे मारले. पुढे पुढे फेरा नावालाच उरला. गल्लीतला मुक्काम वाढला. ओरडून बोलायची सोय नव्हती. शेजारी जागे होतील, आणि जागे झाले की जाकीट बघतील. म्हणून सगळं खुणांवर. भाऊ बोटांनी वाटोळं करून दाखवायचे, म्हणजे आज अंडं उकडलंय. वहिनी कपाळाला हात लावायच्या, म्हणजे परत? निघण्याआधी आपण मिशीला कंगवा लावतो, हे एक दिवस भाऊंच्या लक्षात आलं. मास्कखालची मिशी कोण बघणार होतं? पण लावत होते खरे. आणि वहिनींच्या केसांत भल्या सकाळी क्लिप नीट बसवलेली असते, हेही त्यांनी पाहून ठेवलं होतं.

एवढ्या चालण्यानं पायाला फोड आला. तळमजल्यावर एक दंतवैद्य राहतात. दवाखाना बंद असल्यामुळे ते तेव्हा सगळ्या अवयवांवर फुकट सल्ला देत होते. भाऊंनी नव्या चपलांचं निमित्त सांगून फोनवर विचारलं.

"मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा," दंतवैद्य म्हणाले.

"फोड पायाला आहे."

"तरी करा. नुकसान तर नाही ना?"

शेवटी भाऊंनी मुलीचं गुलाबी मीठ काढलं. पाय कोमट पाण्यात, शेजारी मेणबत्ती, मांडीवर फोन, असे ते संध्याकाळी बसले होते. डोळे मिटत आले होते, शरीरात कुठेतरी काहीतरी सैल होत होतं, आणि इमारतीच्या ग्रुपवर संदेश पडला.

"सावधान! मागच्या गल्लीत रोज सकाळी एक संशयित इसम घुटमळतो. तातडीची सभा. सर्वांनी आपापल्या मजल्यावरच्या जिन्यात उभं राहावं."

संदेश चौथ्या मजल्यावरच्या कवायतबाईंचा होता. शाळेत आयुष्यभर कवायत शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात शिट्टी अजून तशीच. सभा भरली. चौथ्यावर बाई, तिसऱ्यावर सेक्रेटरी, दुसऱ्यावर पाय पुसत धावत आलेले भाऊ, तळाशी दंतवैद्य. कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं. जिन्याच्या पोकळीतून आवाज तेवढे वर-खाली जात होते.

"वय काय असेल त्याचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"पासष्टच्या पुढेच," वरून उत्तर आलं.

भाऊंची पन्नाशी नुकतीच उलटलेली.

"चौथ्या मजल्यावरून वय कसं काय कळलं?" तळातून शंका आली.

"चालीवरून. मी उभ्या जन्मात पोरं चालवलीत, डॉक्टर. डावा पाय बाहेर फेकतो, बदकासारखा. खांदे पडलेले. वळणावर आधी पोट वळतं, माणूस मागून येतो."

यावर सगळ्यांत मोठ्यानं भाऊ हसले. ही गोष्ट पुढे साक्षीदारांनी आवर्जून सांगितली.

"कपडे?"

"पिवळं काहीतरी घालतो. कुठल्या तरी पोराचं चोरलेलं असावं, अंगाला बसत नाही. आणि नुसता चालत नाही हो, वर बघून हातवारे करतो! काल बोटांनी असं वाटोळं दाखवत होता."

इथे भाऊ चमकले. वाटोळं काल त्यांनीही दाखवलं होतं. पिवळं जाकीट त्यांचंही होतं. आता कुणाही शहाण्या माणसाच्या डोक्यात जो प्रकाश पडावा, तो भाऊंच्या डोक्याच्या उंबरठ्यापर्यंत आला आणि बदकाची चाल आठवून परत गेला. त्यांच्या मनात आलं ते असं: म्हणजे आपण गल्लीत असताना हा नालायक आपल्या मागेच उभा असतो! आपल्यासारखा वेश करून! भाऊंना फार दोष देऊ नये. माणूस आरशात स्वतःला बघतो तो समोरून, उभ्यानं आणि पोट आत घेऊन. मागून, चालताना, पोट मोकळं सोडलेल्या अवस्थेत त्याची स्वतःशी कधी गाठच पडत नाही.

"दुसऱ्या मजल्याकडे बघतो मेला," कवायतबाई म्हणाल्या. "तिथे मागच्या बाजूला खिडकी कुणाची?"

"आमची," भाऊ म्हणाले. "ही त्या खोलीत एकटी असते."

सेक्रेटरी म्हणाले, "भाऊ, तुम्ही काळजी करू नका. खोट्या सह्या करणारे तुम्ही पकडता, हा किस झाड की पत्ती! पहाऱ्याचं प्रमुखपद तुमच्याकडे. तो दिसला की बाई शिट्टी मारतील, शिट्टी ऐकली की सगळ्यांनी धावायचं. हवालदारांनाही सांगून ठेवतो."

"एकदा तो माझ्या नजरेला पडू दे," भाऊ म्हणाले. "सात पडद्यांआडून ओळखीन."

घरी येऊन ते बंद दारापाशी गेले.

"अगं, उद्यापासून खिडकीत बसू नकोस."

"का हो?"

"तुला घाबरवायचं नाही, पण मागच्या गल्लीत एक माणूस तुझ्यावर नजर ठेवून असतो."

"मला तर तुमच्याशिवाय कुणी दिसत नाही."

"तू भोळी आहेस. म्हातारा आहे, पासष्टीचा. बदकासारखा चालतो, पोट पुढे. अंगात पिवळं, चोरलेलं. निर्लज्जासारखे हातवारे करतो."

आतून एक चमत्कारिक आवाज आला. दबलेला, घुसमटलेला, उशीत तोंड खुपसल्यासारखा. खुस्. खुस् खुस्.

"अगं? खोकतेयस?"

"न... नाही... जा तुम्ही... " आणि पुन्हा तोच आवाज, या खेपेला जास्त लांबलेला. श्वासही पुरत नव्हता.

भाऊंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी ताबडतोब चौकशी क्रमांक लावला.

"खोकला कोरडा आहे की ओला?"

"दाराआडून कसं कळणार?"

"नीट ऐकून सांगा."

भाऊंनी दाराला कान लावला. "अगं, जरा एकदा खोक बघू, ते विचारतायत कोरडा की ओला," असं ते म्हणाले मात्र, आत खुर्ची कलंडल्याचा आवाज आला आणि खोकल्याची अशी उबळ की बस्स.

"वाढला हो!" भाऊ फोनमध्ये ओरडले.

"सकाळी पथक येईल," पलीकडून सांगितलं गेलं.

थोड्या वेळानं वहिनी आतून अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "अहो, काही झालेलं नाही मला. झोपा आता." पण भाऊंना ही शांतता ओळखीची होती. मुलगी लहान असताना अंगात ताप घेऊन घरभर राबलेली ही बाई. तेव्हाही हेच वाक्य, हाच आवाज. भाऊ जे अंथरुणावर पडले ते पडूनच राहिले, झोप काही आली नाही. हात बाहेर येऊन ताट आत घेणार नाही, असा एक दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर येत राहिला.

सकाळी पथक यायला अवकाश होता आणि हाताला काम हवं होतं. भाऊंनी मुलीनं सांगितलेलं एकूण एक केलं. पाय बुडवले. मेणबत्ती लावली. श्वास मोजायला बसले आणि आकडा चुकले. मग हिरवट माती कालवून तोंडभर लेप फासला. पुडीवर लिहिलं होतं, पातळ थर द्यावा. भाऊंनी गिलावा केला. आणि मग त्यांना राहवेना. पथकानं काही म्हणायच्या आत आपण एकदा तिला डोळ्यांनी बघावं, चेहरा उतरलाय का ते पाहावं. लेप वाळायला वेळ लागणार आणि आठ वाजता चालण्याची मुदत संपणार. त्यांनी लेपावरच मास्क चढवला, वर काळा चष्मा, टोपी, जाकीट, आणि मागच्या जिन्यानं खाली.

खिडकीत कुणी नव्हतं.

आपणच खिडकीत बसू नकोस म्हणून सांगितलंय, हे त्यांना त्या वेळी आठवलं नाही. बिछान्यातून उठवत नसेल, एवढंच मनात आलं. ते एका हातानं खुणावू लागले, मग दोन्ही हातांनी. मग उड्या मारून.

आणि वरून शिट्टी वाजली.

भाऊ पहाऱ्याचे प्रमुख. शिट्टी ऐकताच त्यांनी आजूबाजूला पाहिलं, काळ्या चष्म्यातून कुणी दिसलं नाही, म्हणजे चोर वळणापलीकडे पळाला असणार, असा हिशेब करून ते वळणाकडे धावत सुटले. तेवढ्यात मागच्या दारातून काठी घेतलेले सेक्रेटरी आणि दंतवैद्य बाहेर पडले आणि पिवळ्या जाकिटामागे धावू लागले. आपल्या मागून पावलं वाजतायत हे ऐकून भाऊंना हुरूप आला. कुमक आली! ते आणखी जोरात धावले. लाँड्री गेली, सलून गेलं, पुढचं फाटक गेलं. वरून कवायतबाई या गॅलरीतून त्या गॅलरीत पळत धावतं वर्णन करत होत्या, "वळला! वळला! डॉक्टर, गुडघे उचला!" इमारतीला एक पूर्ण प्रदक्षिणा झाली. दुसरीत भाऊंचा दम संपला आणि ते कोपऱ्यावर उभ्या असलेल्या हवालदाराच्या पोटावर जाऊन आदळले. हवालदाराच्या शेजारी पांढऱ्या झग्यातलं दोघांचं पथक पत्ता शोधत उभं होतं.

"ओ काका! कुठे निघालात?"

भाऊंनी सांगायला तोंड उघडलं. म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. लेप वाळून दगड झाला होता.

"हंऽऽ," भाऊ म्हणाले. "हं हं हंऽऽ!"

"मास्क खाली करा."

मास्क खाली येईना. हवालदारानं एका बाजूनं ओढला तेव्हा तो मातीसकट सुटला, आणि आत हिरवट, तडकलेलं, मिशी चिकटलेलं असं काहीतरी दिसलं. पथकातली बाई दोन पावलं मागे सरकली. "हे कसलं लक्षण आहे?" तिनं सहकाऱ्याला विचारलं. त्यानं मान हलवली.

"नेमके आज भाऊ कुठे राहिले?" सेक्रेटरी धापा टाकत म्हणाले. "प्रमुख म्हणून नेमलं आणि ऐन वेळी बेपत्ता! थांबा, फोन लावतो."

फोन पिवळ्या जाकिटाच्या खिशात वाजला.

खुलासा दंतवैद्यांनी केला. "बघा! भाऊंचा फोनसुद्धा चोरलाय यानं!"

भाऊंनी घाईघाईनं खिशातून बँकेचं ओळखपत्र काढलं. त्यावरचा फोटो काळ्याभोर केसांच्या काळातला. हवालदारानं फोटो पाहिला, समोरचा मुखवटा पाहिला, आणि म्हणाला, "यावर सही आहे. इथे माझ्या वहीवर सही करून दाखवा बघू."

भाऊंना हायसं वाटलं. सही! हा तर घरचाच प्रांत. पण धावून हात थरथरत होता, चष्म्यातून रेघ दिसत नव्हती. त्यांनी सही केली, चष्मा वर करून पाहिली, आणि त्यांचं त्यांनाच कळलं की ही आपल्या टेबलावर आली असती तर आपण लाल शेरा मारून परत पाठवली असती. हवालदारानं दोन्ही सह्या पाहिल्या. "जुळत नाही," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हे दोन शब्द भाऊंनी किती जणांना ऐकवले असतील. ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ.

वरात मागच्या गल्लीत आली, कारण सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की वहिनींना ओळख पटवायला लावू. कवायतबाईंनी वरून हाक मारली, "वहिनी! घाबरू नका! पकडलाय त्याला! जरा बघून सांगा, हाच का तो?"

दुसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. भाऊंनी वर पाहिलं. चेहरा उतरलेला नव्हता. क्लिपसुद्धा जागेवर होती.

वहिनींनी हिरव्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तोंडावरून नाही सांगता येत. जरा चालून दाखवायला सांगा."

"चला," हवालदार म्हणाला.

भाऊ चालले. गल्लीत सगळी इमारत बघत असताना, पोट पुढे, खांदे पडलेले, डावा पाय बाहेर फेकत ते कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले आणि परत आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपला डावा पाय दिसत होता. तो खरोखरच बाहेर जात होता.

"आमचेच आहेत," वहिनी म्हणाल्या.

सेक्रेटरींच्या हातून काठी गळाली. दंतवैद्य अगदी जवळ येऊन मिशीकडे बघू लागले. वरच्या मजल्यावर शिट्टी दोरीला नुसतीच लोंबत राहिली. पण पांढऱ्या झग्यातल्या बाईला या कौटुंबिक प्रश्नात रस नव्हता. तिनं खिडकीकडे बघून विचारलं, "खोकला तुम्हालाच ना? किती वेळ होता?"

"खोकला नव्हता हो," वहिनी म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज ओशाळला. "मी हसत होते. यांनी येऊन त्या माणसाचं वर्णन केलं, आणि मला... आवरेना. यांना वाईट वाटेल म्हणून उशीत तोंड घातलं. आणि मग हे फोनवर विचारतायत, कोरडा की ओला!" एवढं बोलून त्या पुन्हा खुस् खुस् करू लागल्या. रात्रीचाच आवाज. उजेडात, उघड्या खिडकीतून, तो हसण्याखेरीज दुसरा कसला असणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

सगळी गल्ली हसली. हवालदार हसला, पथक झग्याच्या आत हसलं. भाऊ मात्र उभे होते ते खाली फुटपाथच्या कडेला बसले. काळा चष्मा काढला. त्यांच्या हिरव्या तोंडावरून डोळ्यांखाली दोन ओले ओघळ निघाले, माती मऊ झाली, आणि इतका वेळ मिटलेलं तोंड उघडलं.

"नक्की ना?" त्यांनी वर बघून विचारलं. "नक्की खोकला नव्हता ना?"

हसणं थांबलं. वहिनी खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "अगदी शप्पथ."

दंतवैद्यांनी भाऊंच्या खांद्याजवळ हात नेला, अंतर ठेवायचं आहे हे आठवून मागे घेतला, आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "घरी जाऊन गुळण्या करा, भाऊ."

पथकानं आलोच आहोत तर म्हणून वहिनींची तपासणी केली. काही निघालं नाही. हवालदारानं भाऊंना समज दिली, पण कशाबद्दल द्यावी हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ इस्त्रीचा शर्ट खोचून खुर्चीत बसून होते. जाकीट घडी करून कपाटाच्या तळाशी गेलं होतं. ग्रुपवर रात्रभर त्यांच्यावर विनोद पडत होते. सेक्रेटरींनी तर त्यांना 'दोन्ही पक्षांचे प्रमुख' अशी पदवी दिली होती.

"अहो," दाराआडून आवाज आला, "निघाला नाहीत?"

"नाही. आणि निघणारही नाही. मला काही अब्रू आहे."

आतली खुर्ची दारापाशी सरकली.

"तुमची वेळ झाली की मी उठून केस विंचरते," वहिनी म्हणाल्या. "तेवढंच एक असतं दिवसभरात. मग संध्याकाळपर्यंत भिंती."

भाऊ उठून दारापाशी गेले. चालण्यानं आपल्याला बरं वाटतं, एवढंच ते इतके दिवस धरून चालले होते. त्या बरं वाटण्याला दुसरी बाजू आहे, ती खिडकीत केस विंचरून बसते, हे त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं.

त्यांनी मास्क लावला आणि पुढच्या जिन्यानं, सगळ्यांच्या दारांवरून, चपला घालून उतरले. सेक्रेटरींनी गॅलरीतून हात केला. दंतवैद्य खिडकीतून "फोड कसा आहे?" म्हणाले. भाऊंनी दोघांनाही मान डोलावली आणि वळण घेतलं. मागच्या गल्लीत पोचतात न पोचतात तोच वरून खणखणीत आवाज आला.

"भाऊ! खांदे मागे! छाती पुढे! डावा पाय सरळ टाका!"

भाऊंनी खांदे मागे घेतले, छाती काढली, डावा पाय सरळ टाकला आणि मोडक्या सायकलीवर कोलमडता कोलमडता वाचले. त्यांनी दुसऱ्यांदा पाय उचलला, तेवढ्यात दुसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. इतके दिवस नुसत्या खुणा करणाऱ्या वहिनींनी मान बाहेर काढली, वर पाहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "राहू द्या हो, बाई! तसेच चालू द्या त्यांना. नाहीतर मी ओळखू कशी?"

कवायतबाईंनी तोंडात धरलेली शिट्टी काढली. भाऊंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, छातीतली हवा सोडून दिली, आणि भर गल्लीत उभं राहून बायकोला हात हलवला.